पहिला तांब्या

आई, मागच्या आठवड्यात मी त्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन आले. तामियाच्या पुढं, सातपुड्याच्या दरीत, जिथं लहानपणी तू मला घेऊन गेली होतीस, तेच कुंड. एकटीच गेले. निघताना शेजारच्या वहिनींनी विचारलं, कुठं निघालात इतक्या सकाळी, तर मी म्हटलं, पचमढीला, फिरायला. कुंडावर चालले म्हटलं असतं तर त्यांनी आधी माझ्या हातांकडं बघितलं असतं आणि मग चेहरा बिचारा केला असता. त्या बाई चांगल्या आहेत, पण कोणी माझी कीव केली की माझं डोकं फिरतं, हे तुला ठाऊक आहे. तू होतीस तेव्हा जेवढी तिखट होते त्याच्यापेक्षा आता जास्तच झाले आहे. टोकायला कोणी उरलं नाही ना.

तुला माझी अवस्था आधी सांगायला हवी, कारण तू गेलीस तेव्हा माझा अर्धा चेहरा अजून सावळा होता. आता काही राहिलं नाही. कोड पसरत पसरत सगळीकडं गेलं आणि मी पूर्ण पांढरी झाले. आणि गंमत ऐक, पूर्ण पांढरं झालं की कोणाला कोड दिसतच नाही. ज्या अंगाकडं बघून लोक बसमध्ये सरकून बसायचे, त्याच अंगाला आता 'काय मस्त रंग आहे हो तुमचा' म्हणतात. परवा फुटाळा तलावाच्या काठावर एक पोरगी आली आणि इंग्रजीत म्हणाली, तुमच्यासोबत एक फोटो काढू का. तिला मी परदेशी बाई वाटले. मी म्हटलं, 'काढ, पण लवकर काढ, ऊन लागून राहिलं मले.' तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी घरी येऊन एकटीच हसले, आणि मग बराच वेळ काही करावंसं वाटलं नाही. कोणाला सांगितलं असतं तर मजा आली असती. नागपूरच्या टोकाला, मनीषनगरच्या ह्या फ्लॅटमध्ये ऊन भरपूर येतं, पाणी चोवीस तास असतं, फक्त हसलेलं सांगायला माणूस नाही.

आता मुद्द्याचं सांगते. मी जन्मले ती तुझ्या रंगाची. बाबा गोरेपान आणि मी तुझ्यासारखी काळीसावळी. खाप्याला तुझ्या माहेरी गेलो की जो तो म्हणायचा, पोरगी आईवरच गेली. नाक बाबांचं, केस कोणाचे देव जाणे, पण रंग तुझा. मग तो रंग जायला लागला. घोटा, मग गुडघे, मग बोटं, मग ओठांच्या कडा. मी नोकरीला लागले तरी दर दिवाळीच्या पहाटे तू मला पाटावर बसवून न्हाऊ घालायचीस आणि पाठ चोळताना दरवर्षी तेच सांगायचीस, 'पाठ अजून माहीच हाय वं.' मी वैतागायचे. म्हणायचे, पाठ घेऊन काय करू, चेहऱ्याचं सांग. तू हसायचीस आणि आणखी जोरात चोळायचीस. तू गेल्यावर माझी पाठ कोणी पाहिली नाही. लग्न तर झालंच नाही. डॉक्टर ब्लाउजवरूनच तपासतो. तीस वर्षं होऊन गेली, आई, आणि मला माहीत नाही की तिथं तुझं काही उरलं आहे की नाही.

आरशात बघता येतं, मोबाइलनं पाठीचा फोटो काढता येतो, मला सगळं कळतं. एकदा कपाटाच्या आरशासमोर हातात दुसरा आरसा घेऊन उभीसुद्धा राहिले होते. मग ब्लाउज काढलाच नाही. एकटीनं बघायचं आणि तिथंही सगळं पांढरं निघालं तर मग त्या खोलीत त्यानंतर काय करायचं, हे मला कळेना. कोणाला तरी बघायला सांगावं म्हटलं तर सांगणार कोणाला? शेजारच्या वहिनींना म्हणू, जरा माझी पाठ बघता का? मला वेड लागलं म्हणून त्यांनी सोसायटीभर फोन केले असते. आणि खरं सांगायचं तर मला आता कोणी हातच लावत नाही. पूर्वी लोक मुद्दाम लावायचे नाहीत, आता कोणी वाईट नाही, फक्त तसा प्रसंगच येत नाही. रिक्षावाला सुट्टे देताना बोट लागलं तर तेवढंच. असंच एक दिवस भाजी चिरताना ते कुंड आठवलं. तिथं पाठ उघडी टाकून बसायचं असतं आणि पहिला तांब्या आपल्या हातानं घ्यायचा नसतो. तो दुसऱ्यानं ओतायचा. म्हटलं, चला, तिथं कोणी तरी आपली पाठ बघेल आणि त्यात विचित्र काही वाटणार नाही.

तुला आठवतं का, पहिला डाग तूच पाहिलास. तू त्या वेळी आपल्या महाल वस्तीतल्या निम्म्या घरांतून बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालायला जायचीस. सकाळी उठून जायचीस ते दुपारी परत यायचीस तेव्हा तुझ्या अंगाला तिळाच्या तेलाचा, वेखंडाचा आणि शेपेच्या धुरीचा वास असायचा. मला तो वास म्हणजेच तू वाटायचीस. घरी आल्यावर उरलेलं डाळीचं पीठ लावून तू मला अंघोळ घालायचीस. त्या दिवशी माझ्या घोट्यावर तुला तांदळाएवढं काही पांढरं दिसलं. तू म्हणालीस, 'पीठ राहिलं वं, नीट धुत नाहीस.' आणि अंगठ्यानं घासायला लागलीस. निघेना. पुन्हा पाणी टाकलंस, पुन्हा घासलंस. मी म्हणते, आई, दुखते. तू घासतेसच आहेस. दुसऱ्या कोणत्याही आईला ते पहिल्यांदा बघून भीती वाटली असती. तुला वाटलं, बेसन सुकलं. तुझा सगळा जन्म बेसन धुण्यात गेला होता, तुला दुसरं काय सुचणार? घोटा लाल झाला, त्या लालीच्या मध्ये तो डाग अजून पांढरा दिसायला लागला, आणि तुझा हात थांबला. त्या दिवशी तू मला टॉवेलनं पुसलंस ते फार हळू पुसलंस.

मग सगळे उपाय झाले. बावचीचं तेल लावून तू मला गच्चीवर उन्हात बसवायचीस आणि तिथं फोड यायचे. मेडिकलच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, हे लागट नाही, दुसऱ्या कोणाला होत नाही. तू ते वाक्य पाठ केलंस आणि घरोघरी जाऊन सांगितलंस, लागट नाही जी, डॉक्टरनं सांगितलं. सगळे मान हलवायचे. कोणी तुला तोंडावर काही बोललं नाही. फक्त बोलावणी येईनात. ज्या घरात तू तीन पोरं न्हाऊ घातलीस त्या घरात चौथं झालं तेव्हा त्यांनी सांगितलं, सुनेच्या माहेरची बाई येऊन राहिली आहे यंदा. माहेरची बाई वगैरे कोणी नव्हतं, इतवारीतली दुसरी बाई होती, तू तिला त्याच जिन्यावरून उतरताना पाहिलंस. घरी येऊन तू तुझा पाट धुवून उन्हात ठेवलास. मी बघत होते. ज्या बाईच्या घरात डाग आहे तिचा हात आपल्या बाळाला नको, हे मला त्या वयातही कळलं होतं. मोठी झाल्यावर माझ्या मनात एक वाईट प्रश्न येऊन बसला. तू मला कुंडावर नेलंस ते माझ्यासाठी, की तुझी घरं परत मिळावीत म्हणून? तू जिवंत असताना विचारायला तोंड झालं नाही. म्हणजे मी, जी सगळ्यांना तोंडावर बोलते, मला तेवढं एक झालं नाही.

संक्रांत झाली आणि आपण निघालो. इतवारीहून छोट्या लाइनची गाडी, लाकडी बाकडी, खिडकीतून येणारी कोळशाची बारीक धूळ. तू शिदोरीला तिळाच्या पोळ्या घेतल्या होत्यास. सावनेर गेलं तेव्हा तू उजवीकडं बोट दाखवून म्हणालीस, 'तिकडं खापा, तिकडं माही माय.' छिंदवाड्याला उतरून बस, बस जिथं थांबली तिथून बैलगाडी, आणि शेवटी पायी उतरण. खाली दरीत धुकं आहे असं मला वाटलं. ते धुकं नव्हतं, कुंडाची वाफ होती. जवळ गेल्यावर काडेपेटी जळाल्यासारखा वास. दगडी काठ, त्यात हिरवट पाणी, आणि तळातून सारखे बुडबुडे येतात. कोणी तरी फडक्यात बटाटे बांधून सोडले होते, ते शिजून वर आले आणि लोकांनी मीठ लावून खाल्ले. मी घाबरले. म्हटलं, ह्यात मला बसवणार? तिथं कोणी आत उतरतच नाही. बादलीनं पाणी काढायचं, बाजूच्या ओट्यावर बसायचं आणि दुसऱ्यानं ओतायचं. तू आपल्या सवयीनं शेजारच्या ओढ्याचं गार पाणी त्यात मिसळायला गेलीस, तर सगळ्या बाया ओरडल्या, 'मत मिलाओ, गुण चला जाएगा.' मग तू ते दोन लोट्यांत उंचावरून वरखाली करून निववलंस, आपण घरी दूध निववतो तसं. आणि प्रत्येक वेळी माझ्या अंगावर ओतायच्या आधी कोपरापासून मनगटापर्यंत स्वतःच्या हातावर ओतून बघितलंस. मी तरी रडले. तू म्हणालीस, 'रडून काहून राहिली? पाणी हाय ते, आग नाही.' संध्याकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर तू हाताला खोबरेल लावत होतीस, तेव्हा मी पाहिलं, तुझा तो हात कोपरापासून खाली सगळा लाल झाला होता.

आठवडाभर आपण तिथं राहिलो. मला सगळ्यात जास्त आठवतो तो शेवटचा दिवस. माझी अंघोळ झाली, मी फ्रॉक घालून उभी होते, आणि तिथली एक बाई तुला म्हणाली, तू भी नहा ले. तू म्हणालीस, मला कुठं काय झालं आहे. ती म्हणाली, इतनी दूर आई है, सूखी जाएगी क्या? तू माझ्याकडं बघितलंस. मग ओट्यावर बसलीस, पाठ माझ्याकडं करून, आणि केस पुढं घेतलेस. लोटा माझ्या हातात होता. ओतायला माझा हात होईना, कारण तुला भाजलं तर काय, आणि तुला कोपरानं बघता येतं, मला येत नव्हतं. मी ओतलं. तुझ्या पाठीवरून ते पाणी गेलं आणि तू एकदम श्वास घेतलास, इतका मोठा की मला वाटलं भाजलं. मी म्हटलं, आई? तू म्हणालीस, 'ओत वं. अजून ओत.' मी ओतत राहिले. तुझे डोळे मिटले होते. गावभरच्या बाळंतिणींच्या पाठीवर तू गरम पाणी ओतलंस, तुझ्या पाठीवर कोणी ओतलं होतं कधी? माझ्या वेळी तू बाळंतीण होतीस तेव्हाही तुझं पाणी तूच घेतलं असणार, मला खात्री आहे. तुझी पाठ फार सुंदर होती. काळी, ओली, आणि तिच्यावरून वाफ निघत होती.

डाग काही गेले नाहीत. घरी आलो तर उलट कोपराला नवा एक दिसला. पण पुढं जे झालं ते आठवून मी माझ्या त्या वाईट प्रश्नाचं उत्तर शोधते. फाल्गुनात एका घरून बोलावणं आलं. त्यांना न्हाऊ घालायला दुसरी कोणी मिळत नव्हती, बाळ अशक्त होतं आणि तुझ्या हाताशिवाय त्यांना धीर येत नव्हता. घरच्या सासूबाई स्वतः आल्या, दारातच उभ्या राहून म्हणाल्या, या हो बाई, पण येताना... आणि माझ्याकडं बघून पुढचं गिळलं. तू म्हणालीस, 'येतो जी. पण पाणी माही पोरगी ओतन. मले आता एकटीनं जमत नाही.' तुला उत्तम जमत होतं. त्या सासूबाईंचा चेहरा मी अजून विसरले नाही. त्या गेल्या तेव्हा मला वाटलं, संपलं, हेही घर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडून पोरगा आला, चला म्हणून. तू पाट घेतलास आणि तेलाची वाटी माझ्या हातात दिलीस. मी त्या न्हाणीघरात उभी राहून ओतत होते आणि तू पाय पसरून त्या बाळाला पायांवर घेऊन चोळत होतीस. सून कोपऱ्यातून माझ्या बोटांकडं टक लावून बघत होती. मी बोटं फ्रॉकच्या बाहीत ओढून घेतली, तर तू सगळ्यांसमोर मला झापलंस, 'झाकून काहून राहिली? चोरी केली का कोनाची?' त्यानंतर जी घरं आली ती मला धरून आली, जी नाही आली ती तू सोडून दिलीस. घरांसाठी मला नेलं असतंस तर असं वागली असतीस का? पण मी आपली अजून विचारतेच आहे, इतक्या वर्षांनी, उत्तर समोर असून.

तर मागच्या आठवड्यात मी टॅक्सी केली. आता छोटी लाइन नाही, छिंदवाड्यापर्यंत चौपदरी रस्ता आहे, गाडी अशी पळते की सावनेर कधी गेलं कळत नाही. खाप्याचा फाटा आला तेव्हा मी ड्रायव्हरला म्हटलं, जरा हळू घे, तर तो म्हणाला, मॅडम, इथं काही बघण्यासारखं नाही. मी मान वळवून मागं बघितलं. घाट उतरताना कानाला दडे बसले. कुंडापर्यंत आता पायऱ्या बांधल्या आहेत, लोखंडी कठडा आहे, बायांसाठी पत्र्याची खोली आहे आणि सूचनांचा मोठा फलक आहे. वास तोच. वाफ तीच. मी पायऱ्या उतरले तशी दोन पोरं एकमेकांना कोपरानं ढोसून 'अंग्रेज, अंग्रेज' करायला लागली. मी म्हटलं, 'नागपूरची आहे रे मी,' तर ती पळाली. पत्र्याच्या खोलीत एक सासू आणि सून होत्या, एकमेकींवर पाणी ओतून हसत होत्या. सुनेला पाणी कढत लागलं की ती किंचाळायची आणि सासू म्हणायची, नाजूक है बड़ी. मी कोपऱ्यात जाऊन पिशवी खुंटीला टांगली आणि उगाच साडीची घडी उलगडत आणि परत घालत बसले. इतक्या लांबून आले आणि ब्लाउजच्या हुकाला हात लागेना. त्या दोघी आवरून गेल्या तेव्हा मला हायसं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं, कारण आता मी कोणाला सांगणार?

तिथं पाणी काढून द्यायला एक बाई असते. माझ्याच वयाची असेल, हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या, कपाळावर गोंदण. तिनं बादली माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, 'साथ में कौन है? लोटा कौन डालेगा?' साधा प्रश्न होता. तिथं सगळ्यांनाच ती विचारते. मी आयुष्यभर असल्या प्रश्नांना फटकन उत्तरं दिली आहेत. कोण आहे तुमच्या घरी? मी आहे. मिस्टर काय करतात? नाहीत म्हणून काही करत नाहीत. पण तिथं ओल्या फरशीवर उभी राहून माझ्या तोंडून निघालं, 'माँ है. ऊपर बैठी हैं.' ती म्हणाली, तो बुला लो ना. मी म्हटलं, घुटने दुखते हैं उनके, सीढ़ी नहीं उतर पातीं. तुझे गुडघे कधी दुखले नाहीत, आई, शेवटपर्यंत तू मांडी घालून बसायचीस. मला आयत्या वेळी दुसरं काही सुचलं नाही. तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलं, मनात तुझं वय मोजलं असावं, आणि तिला काही नवल वाटलं नाही. म्हणाली, 'बैठो फिर. अम्मा के बदले मैं डाल देती हूँ.'

मी बसले. पाठ तिच्याकडं केली. पहिला तांब्या पडला आणि माझा श्वास अडकला. इतकं गरम पाणी मी किती वर्षांत अंगावर घेतलं नव्हतं, घरी गीझरचं कोमट घेते, त्वचा सोसत नाही म्हणून. दुसरा पडला, तिसरा पडला. मग ती हातानं पाठ चोळायला लागली. खरबरीत हात, कामाचा. मी डोळे मिटून घेतले आणि मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं, तोंडावर पाणी होतंच. ती बोलत होती, कुठून आलात, नागपूरहून, अरे वा, संतरे लाए क्या. आणि बोलता बोलता तिचा हात एका ठिकाणी थांबला. डाव्या खांद्याच्या खाली, जिथं आपला हात पोचत नाही तिथं. ती अंगठ्यानं तिथं घासायला लागली. मी विचारलं, काय आहे? ती म्हणाली, 'एक दाग रह गया है दीदी. काला. हथेली भर का होगा. बाकी सब साफ हो गया तुम्हारा.' आणि वर समजूत घातली, 'दो-चार दिन और नहा लो, यह भी चला जाएगा.'

मी ओरडलेच, आई. 'रगड़ो मत,' म्हटलं, इतक्या जोरात की तिच्या हातातला लोटा फरशीवर पडला. ती घाबरली, म्हणाली, दुखा क्या? मी म्हटलं, नाही नाही, दुखलं नाही, माफ करा. मग मी तिला म्हटलं, जरा तिथं हात ठेवा. ती म्हणाली, कहाँ? मी म्हटलं, जहाँ दाग है. तिला वाटलं असेल, आमच्याकडची काही रीत असेल, नवस-बिवस. तिनं ओला हात तिथं ठेवला आणि तशीच बसून राहिली. तिचा तळहात सगळा तिथं मावला, म्हणजे बरंच उरलं आहे. बाहेर कोणी तरी बादली आपटली, तशी ती उठली. माझ्या अंगावरचं पाणी गार झालं होतं. मी साडी नेसले, हूक लावताना बोटं अडली नाहीत. मी पिशवी घेऊन निघाले तर ती दारात आली आणि म्हणाली, 'अम्मा को जाके बता देना पहले. चिंता करती होंगी बेचारी. बोलना, बस एक ही बचा है.'

म्हणून हे लिहिलं. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तू म्हणाली असतीस, एवढा कागद काहून खराब केला, तोंडानं सांगायचं ना. घडी घालून साड्यांच्या खाली ठेवून देईन. फक्त एक गोष्ट सांगते आणि थांबते. माँ वर बसली आहे, असं मी त्या बाईला म्हटलं ना, ते म्हणताना मला खोटं बोलल्यासारखं वाटलं नव्हतं. आणि तिथून निघाल्यावर त्या पायऱ्या मी एकदाही न थांबता, घाईघाईनं चढले.